बामगोलचा उजवा गुडघा

बामगोलमध्ये दिवस उजाडायचा तो सरपंचाच्या खोकल्याने. समाजमंदिराच्या छपरावर चार दिशांना तोंडं करून चार भोंगे बसवलेले होते, आणि ते कमी पडतील म्हणून की काय, घरोघरी फ्रिजच्या वर एकेक बोलकी पेटी. आधी एक जुनं रडकं गाणं वाजायचं, मग खोकला, मग "ऐकू येतंय ना सगळ्यांना", आणि मग मानबोक सरपंच त्या दिवसाचं हवामान सांगायचा. मिरच्या बाहेर काढा. मिरच्या दुपारपर्यंतच ठेवा. आज चटया उलगडूच नका. एवढं कानावर पडलं की गाव कामाला लागायचं.

टीव्हीवरच्या नटलेल्या मुली जो पाऊस सांगतात तो डोंगरापलीकडच्या तालुक्याच्या गावचा. बामगोल पडलं तीन डोंगरांच्या बेचक्यात. इथला ढग इथेच शिजतो आणि इथेच सांडतो, त्याची खबर कुठल्या मुलीला असणार? मानबोकचा अंदाज मात्र सहसा चुकायचा नाही. म्हणून तर सरपंचपदाला दुसरं कुणी उभं राहत नसे, आणि म्हणूनच बामगोलच्या उन्हात वाळलेल्या मिरचीला बाजारात नाव होतं. समाजमंदिरात वाळवणीचं एक यंत्र पडून होतं, पण यंत्रात वाळवलेली मिरची म्हटली की इथल्या बाया नाक मुरडायच्या. ती मिरची नव्हे, लाल कागद, असं त्यांचं म्हणणं.

मानबोकची बायको पिल्सुन. मिरचीच्या वाफ्यांत उकिडवं बसून बसून तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. पाय धनुष्यासारखे वाकडे झालेले, उठताना जमिनीला हात टेकावा लागे, आणि घराबाहेर पडायचं तर नातीच्या जुन्या बाबागाडीचा आधार. तशा गाड्या ढकलणाऱ्या म्हाताऱ्या गावात ढीगभर होत्या, पण गुडघ्यांच्या बाबतीत पिल्सुनचा हात धरणारी कुणी नव्हती.

नवरा म्हणून मानबोक कोरडा माणूस. लग्नाला पन्नासच्या वर पावसाळे झाले, पण "जेवलीस का" हे दोन शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते. लेक झाली त्या बाळंतपणात पिल्सुन तापाने फणफणली होती, तेव्हाही हा बाबा शेतावर निघून गेला होता. सरपंच झाला त्या वर्षापासून मात्र त्याच्यात काय शिरलं कोण जाणे. रोज पहाटे तो तिच्या अंथरुणाशी येऊन बसायचा, पांघरुणात हात घालायचा, दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवायचा आणि विचारायचा, "आज कसं आहे?"

पहिल्या दिवशी पिल्सुनला वाटलं, याला बरं नाही. हळूहळू ती त्या हातांची वाट पाहू लागली. आपल्या दुखण्याविषयी एवढं बोलता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं. ती सांगायची, डावा उगाच कुरकुरतो, नुसतं धुकं पडलं तरी ठणकतो, त्याचं काही मनावर घेऊ नका. उजवा सोशीक आहे, पाऊस असल्याशिवाय बोलत नाही, पण बोलला की आतून सुया टोचतात. मानबोक मन लावून ऐकायचा. आतून की वरून? कालच्यापेक्षा जास्त की कमी? इतकं तर डॉक्टरही विचारत नाहीत. म्हातारपणी का होईना, नवऱ्याला आपली कणव आली, असं पिल्सुनने मनाशी धरलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीलासुद्धा नाही. या वयात असलं सांगायचं म्हणजे लाजच की.

लेक मिरान चोंगजू शहरात राहायची. आईचे गुडघे बदलून घ्यायचे, नवे बसवायचे, असं तिने कधीपासून मनावर घेतलं होतं. पहिल्यांदा मानबोकने मिरचीचा हंगाम पुढे केला. दुसऱ्यांदा हाडं ठिसूळ असतील म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं. यंदा मिरानने बापाचं काही ऐकून न घेता हॉस्पिटलात तारीख घेतली, दोन्ही गुडघ्यांची. मग मानबोकने स्वतः हॉस्पिटलला फोन लावला, आणि येऊन सांगितलं, की या वयात दोन्ही एकदम नको, सध्या फक्त डावा करू, उजव्याचं पुढे बघू. पिल्सुनला थोडं चुकचुकल्यासारखं झालं. जास्त दुखतो तो उजवा. पण शिकलेली माणसं म्हणतायत तर असेल काहीतरी कारण, असं म्हणून ती गप्प बसली.

हॉस्पिटलला निघायच्या दोन दिवस आधी बायांनी तिला समाजमंदिरात जेवायला बोलावलं. पिल्सुन गाडी ढकलत पोचली तर आत जणू लग्नघर. बसायची जमीन खालून तापवून गरम केलेली, मोठ्या पातेल्यात कणकेचे तुकडे सोडलेलं सूप रटरटतंय, आणि कोपऱ्यात तिच्यासाठी आणलेल्या वस्तूंचा ढीग. कुणी अंडी आणलेली, कुणी दारूच्या बाटलीत भरलेलं तिळाचं तेल, एकीने तर बदक कापून साफ करून आणलं होतं. पिल्सुनचे डोळे भरून आले. एरवी या बाया एक काकडी देताना दहा वेळा मोजणाऱ्या.

तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण शेजारची येचनकरीण. माहेर येचनचं, म्हणून सगळं गाव तिला याच नावाने हाक मारायचं. तिने पिल्सुनच्या वाडग्यात सूप वाढलं, वर मुळ्याची आंबवलेली तिखट किमची ठेवली आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसली.

"बरं केलंस बाई एकच करतेयस ते," ती म्हणाली. "डावा खुशाल जाऊ दे. तो तसाही थापाड्या. धुकं पडलं तरी ठणाणा करतो. उजवा मात्र जप हो. उजवा आपल्या गावाचा आहे."

पिल्सुनचा चमचा वाडग्यातच राहिला. तिला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. डावा धुक्याला ठणकतो हे हिला कुणी सांगितलं? ते शब्द अंथरुणातले, पहाटेचे, दोनच माणसांच्या मधले. तिने विचारलं, उजवा गावाचा म्हणजे काय गं? येचनकरीण हसली, बाकीच्या बायाही हसल्या, आणि मग त्यांना दिसलं की पिल्सुन हसत नाहीये.

"अगं, तुला माहीत नाही होय?" येचनकरीण म्हणाली. "सरपंच हवामान सांगतात ते तुझ्या गुडघ्यावरून. त्यांनीच सांगितलंय की सगळ्यांना. आम्ही तर रोज नाव घेतो तुझं."

मग प्रत्येकीला काहीतरी आठवलं. एकीने मागल्या भाद्रपदातल्या धो धो पावसाची आठवण काढली. साऱ्या तालुक्याच्या मिरच्या कुजल्या, पण पिल्सुनचा उजवा दोन दिवस आधीच इतका सुजला होता की बामगोलची एक मिरची भिजली नाही. दुसरी म्हणाली, गेल्या वर्षी तुझं ऑपरेशन ठरल्यावर आमचा जीव नुसता टांगणीला लागला होता, शेवटी चार जणी जाऊन सरपंचांना भेटलो. तिसरीने सांगून टाकलं, यंदाही भेटलो, म्हणून तर एकावर निभावलं. हे सगळं त्या इतक्या प्रेमाने सांगत होत्या, की पिल्सुनला त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहावं लागलं. आपण दुखून कळवळत होतो तेव्हा या बाया खुशीत चटया गुंडाळत होत्या. समोरचं सूप गार झालं, त्यावर तेलाचा तवंग जमला. ते बदक, ती अंडी कुणाला आणलीत हे तिला आता कळलं. ती उजव्या गुडघ्याला आणली होती.

घरी कशी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. मानबोक ओसरीवर बसून हातोड्याने पेंडीची ढेकळं फोडत होता. तिने गाडी उंबऱ्याशी सोडली आणि उभ्या उभ्याच विचारलं, तुम्ही रोज पहाटे माझे गुडघे कशासाठी चाचपता?

मानबोकने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव असता तर तिला बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं. त्याला उलट नवल वाटलं.

"म्हणजे? तुला ठाऊक नव्हतं? साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"मला वाटायचं, तुम्ही मला विचारता."

"तुलाच तर विचारतो," तो म्हणाला. "गाणं लावायच्या आत कळायला हवं ना. मागून कळून काय उपयोग?"

आणि मग, तिला खूश करावं म्हणून बहुतेक, तो सांगू लागला. तालुक्याला सरपंचांची बैठक होती तिथेही त्याने छाती फुगवून सांगितलं होतं, की आमच्या घरात हवामान खात्याच्या वरताण यंत्र आहे. सगळे हसले होते, पण मग दुसऱ्या गावचे दोघे फोन करून विचारायला लागले. पिल्सुन ऐकत होती. आपण एका परक्या माणसाच्या ओसरीवर उभ्या आहोत असं तिला वाटत होतं.

"उजव्यात सुया टोचतायत असं मी म्हणायची, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?" तिने विचारलं.

मानबोक खोटं बोलायला शिकलेला नव्हता. त्याने विचार केला आणि खरं ते सांगितलं.

"बरं वाटायचं. वेळेत कळलं म्हणून."

बोलून गेल्यावर ते त्याच्याही कानांवर पडलं असावं. त्याचा हातोडा हवेतच थांबला. पिल्सुनने पाठ फिरवली. ती आत गेली, आणि मानबोकने दोनदा हाक मारूनही जेवायला आली नाही. भिंतीकडे तोंड करून ती पडून राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, तेही आलं नाही. इतक्या वर्षांतल्या एकेका पहाटेवरून तिचं मन फिरत होतं आणि प्रत्येक ठिकाणी ठेचकाळत होतं. ज्या एका गोष्टीवर तिने म्हातारपण गोड मानून घेतलं होतं, ती गोष्ट कधी नव्हतीच. मानबोक बराच वेळ ओसरीवर तसाच बसलेला होता. ढेकळं फोडल्याचा आवाज काही पुन्हा आला नाही.

पहाटे ती जागी झाली ती दुखण्यानेच. उजवा गुडघा टम्म फुगला होता, आतून सुयांवर सुया. पाऊस येणार होता, आणि साधासुधा नव्हे. मानबोक आला, नेहमीसारखा बसला. आज येणार नाही असं तिला वाटलं होतं, पण आला. पांघरुणात हात घातले, तळवे ठेवले, आणि खालच्या आवाजात विचारलं, "आज कसं आहे?"

"काही नाही," पिल्सुन म्हणाली. "हलके आहेत दोन्ही."

"उजवा?"

"उजवाही."

त्याचे तळवे तिथेच राहिले, एरवीपेक्षा जास्त वेळ. मग तो उठला आणि समाजमंदिराकडे गेला. पिल्सुन छताकडे पाहत पडून राहिली. आज तुमची सगळ्यांची जिरू दे, असं तिच्या मनात होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाचं तरी मुद्दाम नुकसान करायला घेतलं होतं.

फ्रिजवरची पेटी खरखरली. रडकं गाणं वाजलं, पण आज खोकला आला नाही. "आज दिवसभर कडक ऊन आहे," मानबोकचा आवाज चारी दिशांनी गावावर पसरला. "सगळ्यांनी सगळ्या मिरच्या बाहेर काढा. एकही आत ठेवू नका." त्याने ते दोनदा सांगितलं.

आपलं खोटं असं डोंगरावर आपटून परत येताना ऐकलं आणि पिल्सुन अंथरुणातच उठून बसली. तिला मजा वाटायला हवी होती. तशी ती वाटली नाही. कशीबशी ती ओसरीवर आली. समोरच्या रस्त्यावर येचनकरीण चटया उलगडत होती, आणि तिच्यापलीकडे एकेक घर. पाहता पाहता रस्ता लालभडक झाला. येचनकरणीच्या मिरच्या निम्म्या वाळून खुळखुळायला लागलेल्या, अजून चार उन्हं मिळाली की काम झालं. तिने पिल्सुनला पाहून हात हलवला आणि ओरडून विचारलं, गुडघे खरंच मजेत आहेत ना आज? पिल्सुनने तोंड उघडलं आणि मिटलं. सांगणार तरी काय होती? मागून मानबोक आला आणि आपल्या घरच्या मिरच्या पसरू लागला, शेवटच्या टोपलीपर्यंत. त्याने एकदाही आभाळाकडे पाहिलं नाही.

जेवणं होत आली तेव्हा डोंगराआडून ढग उतरला. कुणाला भानावर यायलाही वेळ मिळाला नाही. पहिल्या सरीत चटयांत पाणी भरलं, दुसरीत मिरच्या तरंगायला लागल्या. म्हाताऱ्या गाड्या टाकून धावल्या, धावता न येणाऱ्याही धावल्या, ओच्यात, टोपलीत, मिळेल त्यात मिरच्या भरू लागल्या. गटारातून मिरच्या वाहत चालल्या होत्या आणि एक म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी राहून त्या चाळणीने धरत होती. ओसरीच्या खांबाला धरून पिल्सुन हे पाहत होती. हे सगळं आपल्या तोंडच्या दोन शब्दांनी झालं, हे तिच्या डोक्यात शिरत होतं आणि शिरून मावत नव्हतं.

सर जरा ओसरली तसा मोर्चा सरपंचाच्या ओसरीवर आला. येचनकरीण पुढे, केस चेहऱ्याला चिकटलेले, हातात भिजलेल्या मिरच्यांची टोपली.

"हे काय हो सरपंच? यंत्रात घालून वाळवायच्या आता या? बामगोलची मिरची म्हणून विकायची की लाल कागद म्हणून?"

"गुडघा काही बोलला नाही," मानबोक म्हणाला. तोही चिंब भिजला होता. "मी विचारलं. त्याला कळलंच नाही. कामातून गेला तो."

पिल्सुन पुढे झाली. "येचनकरीण, ऐक गं, गुडघ्याला सगळं..."

"तू बोलू नकोस," मानबोक म्हणाला. तो बायकोवर आवाज चढवत नसे, आज चढवला. मग बायांकडे वळून त्याने सांगितलं, की उद्यापासून टीव्ही बघा, मला काही कळत नाही, आणि वर्षअखेरीला दुसरा सरपंच निवडा.

येचनकरणीने टोपली कमरेवर घेतली आणि पिल्सुनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग हा उजवा तरी कशाला ठेवतेस?" ती म्हणाली. "दोन्ही बदलून ये बाई. असला गुडघा जपून काय करायचाय?"

आणि ती चालू पडली. तिच्यामागून बाकीच्याही, समाजमंदिरातलं वाळवणीचं यंत्र आधी कुणाला मिळतं या घाईने. अंगणात रिकाम्या चटया उरल्या.

पिल्सुन ओसरीवर मटकन बसली. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "पहाटेच सुया टोचत होत्या."

"माहीत आहे."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहाटेच. तव्यासारखा तापला होता." मानबोक सदऱ्याची बाही पिळत होता. "सूज तर हाताला लागतच होती. इतकी वर्षं धरतोय, तेवढं कळतं."

पिल्सुन त्याच्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं, आता हा वेडा झाला. ज्या भोंग्यावर याचं सारं नाव उभं होतं, त्यावरून याने जाणूनबुजून खोटं सांगितलं? शेजारणीच्या मिरच्या, आपल्या मिरच्या, साऱ्या गावाचा हंगाम?

"मग ऊन म्हणून कसं सांगितलंत?" तिने विचारलं.

मानबोकने बाही सोडली. असलं काही बोलायची त्याला सवय नव्हती.

"गुडघा खरा आहे तोवर कुणी तुला तो बदलू दिला नसता," तो म्हणाला. "यंदा नाही, पुढच्या वर्षीही नाही. बायका आल्या असत्या. मी परत हॉस्पिटलला फोन केला असता." तो थांबला. "मीसुद्धा दिला नसता बदलू. माझा माझ्यावर भरवसा नव्हता. म्हणून मोडून टाकला."

मग त्याने सांगितलं, की भोंगा बंद केल्याबरोबर तिथूनच मिरानला फोन लावला होता. दोन्ही करायचे म्हणून हॉस्पिटलला कळवायला सांगितलं. मिरान विचारत होती, अचानक काय झालं बाबा? त्याने काही सांगितलं नाही.

पिल्सुनला त्याला धरून मारावंसं वाटलं. येचनकरणीच्या वाहून गेलेल्या मिरच्या तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. नव्या गुडघ्यांनी परत आल्यावर त्याच रस्त्याने, त्याच दारांवरून जन्मभर चालायचं होतं, आणि हे कधी कुणाजवळ बोलायचं नव्हतं. एवढी मोठी, एवढी वाईट गोष्ट या कोरड्या माणसाने तिच्यासाठी केली होती. तिचा अजून विश्वास बसत नव्हता, आणि तरीही तिचे डोळे वाहायला लागले होते.

पावसाने पुन्हा जोर धरला. आता हवामान विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"दुखतंय हो," ती म्हणाली. "फार दुखतंय."

मानबोक तिच्याशेजारी टेकला. आतून की वरून, कालच्यापेक्षा जास्त की कमी, यातलं त्याने काही विचारलं नाही.